सुताचा भाव : घरच्या व्याकरणात विनोदाची जागा

घरशाळा हा शब्द सध्या दोन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो. मुलाला शाळेत न घालता त्याचे सगळे शिक्षण घरीच करणे हा त्याचा पूर्ण अर्थ आहे. मूल एका माध्यमाच्या शाळेत जात असताना, त्या शाळेत न शिकवली जाणारी घरची भाषा आईवडिलांनी किंवा आजीआजोबांनी नेमाने शिकवणे, हा त्याचा अर्धा, पण कितीतरी अधिक कुटुंबांना लागू पडणारा अर्थ आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा शाळेवरचा हक्क त्याने मान्य केला, मात्र घरी शिकणाऱ्या मुलांसाठी त्यात वेगळी तरतूद नाही. त्यामुळे पूर्ण घरशाळा चालवणारी कुटुंबे पुढे बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांकडे वळतात. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या दहावीच्या विषयांत गुजरातीप्रमाणे मराठीही आहे. अर्ध्या घरशाळेला मात्र परीक्षाही नसते आणि पाठ्यपुस्तकाची सक्तीही नसते, आणि व्याकरण कसे शिकवावे हा प्रश्न तिथेच अधिक अवघड होतो.

सुरतेत उधना आणि पांडेसरा यांना लागून असलेली बमरोली ही वस्ती या प्रश्नासाठी विचारात घेण्याजोगी आहे. पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत आणि यंत्रमाग, ज्यांना तिथे सगळे जण ‘लूम’ म्हणतात, यांच्या आधाराने वाढलेल्या या भागात गंजामकडचे ओडियाभाषक, उत्तर भारतातून आलेले हिंदीभाषक आणि उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातून आलेली मराठी व अहिराणी बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांत मराठी माध्यम आहे, तरी पुढच्या शिक्षणाचा विचार करून अनेक पालक इंग्रजी, हिंदी किंवा गुजराती माध्यम निवडतात. शिवाय २०२३ च्या कायद्याने गुजरातमधील सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची केली आहे. अशा मुलाच्या कानावर दिवसभरात चार-पाच भाषा पडतात आणि मराठीचे व्याकरण, शिकवले गेलेच तर, रात्रीच्या जेवणानंतर घरात शिकवले जाते.

ते हसतखेळत शिकवावे की शिस्तीने, हा येथील वाद आहे. त्यासाठी कल्पिलेल्या या संवादात दोन व्यक्ती आहेत : मराठी माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेले, मूळचे धुळ्याकडचे एक गुरुजी, आणि आपल्या दोन मुलांना घरी मराठी शिकवणारी एक आई, जिला गुरुजी ‘ताई’ म्हणतात. जुन्या शास्त्रग्रंथांत आधी विरोधकाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, आणि मग त्याला उत्तर देणारा सिद्धान्त अशी मांडणी असते. येथे दोघांपैकी कोणालाही सिद्धान्ती म्हणून शेवटचा शब्द दिलेला नाही, कारण वाद पुढे सरकतो तसतशी दोघांची भूमिका थोडीथोडी बदलत जाते.

गुरुजींचे पहिले म्हणणे असे : “ताई, तुमची मुले ज्या शहरात मराठी शिकत आहेत, त्याच शहरात दादोबा पांडुरंग तर्खडकर सरकारी इंग्रजी शाळेचे प्रमुख होते. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ त्यांनी १८३६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी प्रसिद्ध केले होते, आणि नंतर सुरतेत असताना १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्मसभा स्थापन करण्यात त्यांचा वाटा होता. जो माणूस समाजाच्या रूढी मोडायला निघाला होता, त्याने भाषेची व्यवस्था मात्र बांधून दिली. तर्खडकरांपासून १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिणाऱ्या मोरो केशव दामल्यांपर्यंत सगळ्यांचे श्रम एका क्रमासाठी होते : वर्णापासून शब्दाकडे, शब्दापासून वाक्याकडे. विनोद हा क्रम मोडतो. हसू ओसरले की गंमत तेवढी मुलाच्या लक्षात राहते, नियम राहत नाही.”

यातील शेवटचे वाक्य सहज बाजूला सारण्यासारखे नाही. व्याकरणाच्या तासाला हास्यचित्रे, नकला किंवा गमतीदार गाणी जोडण्याचा उपाय अनेक पालक करतात, आणि तेथे गुरुजींची तक्रार अचूक लागू पडते, कारण अशा गमतीचा नियमाशी संबंध नसतो. नकलेच्या जागी दुसरी नक्कल ठेवली तरी नियम तोच राहतो, आणि नियम बदलला तरी हसू तेवढेच येते. ताईंनाही असा विनोद नको आहे. “गुरुजी,” त्या म्हणतात, “ग्रंथाचा क्रम वर्णापासून वाक्याकडे जातो; मुलाचा क्रम उलटा असतो, कारण ते वाक्ये आधीच बोलत असते. त्याच्यापुढे एक वाक्य ठेवावे, त्यातील एक खूण बदलावी आणि अर्थ एकदम पालटला की ते हसेल. मग त्याला विचारावे की हसू नेमके कशाने आले. उत्तर शोधताना नियम त्याच्या हाती येतो.”

ताईंचे उदाहरण बमरोलीतलेच आहे. सूत म्हणजे धागा, आणि सुत म्हणजे मुलगा. मराठी साहित्य महामंडळाच्या, १९६२ मध्ये शासनाने मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांनुसार, ज्याच्या शेवटी ‘अ’ हा स्वर आहे अशा अकारान्त मराठी शब्दातील उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा, इकार किंवा उकार दीर्घ लिहितात : कीस, फूल, सूत. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, ज्यांना तत्सम म्हणतात, मूळचे ऱ्हस्व-दीर्घ तसेच ठेवतात : विष, गुण, सुत. आता मुलाला ‘बापाने सूत विकले’ हे वाक्य लिहायला सांगितले आणि त्याने उकार ऱ्हस्व काढला, तर बापाने धागा न विकता मुलगा विकला असे होते. मुले यावर हसतात, पण ताई तेथे थांबत नाहीत. हे वाक्य कर्मणी प्रयोगाचे आहे, म्हणजे त्यातील क्रियापद कर्त्याप्रमाणे न बदलता कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. सूत नपुंसकलिंगी म्हणून ‘विकले’. सुत पुल्लिंगी म्हणून एक मुलगा विकला असता तर ‘सुत विकला’ असे लिहावे लागले असते. तेव्हा थोरला मुलगा म्हणतो की क्रियापदाने सुताला वाचवले, ‘विकले’ आहे म्हणजे तो धागाच असणार. परंतु अकारान्त पुल्लिंगी शब्दाचे अनेकवचन एकवचनासारखेच असते, एक देव आणि अनेक देव. आणि पुल्लिंगी अनेकवचनी कर्माबरोबरही क्रियापद ‘विकले’ असेच येते. म्हणजे ऱ्हस्व उकाराचे ते वाक्य व्याकरणाने पूर्ण निर्दोष ठरते आणि त्याचा अर्थ होतो, बापाने सगळे मुलगे विकले. एका उकाराच्या शोधात लेखननियम, प्रयोग, लिंग आणि वचन अशा चार गोष्टी मुलाच्या हातून गेल्या, आणि प्रत्येक गोष्ट हसण्यासाठी आवश्यक होती.

याच शब्दाचा पुढचा पाठ अधिक सूक्ष्म आहे. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दात जो बदल होतो त्याला सामान्यरूप म्हणतात. घोडा या शब्दाला ‘ला’ लागताना ‘घोड्या’ होते, ते सामान्यरूप. मराठी शब्दातील दीर्घ उपान्त्य उकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, म्हणून फूल, फुलाचा आणि सूत, सुताचा. मुलगा या अर्थाचा सुत आधीच ऱ्हस्व, त्याचेही ‘सुताचा’ होते. म्हणजे ‘व्यापाऱ्याने सुताचा भाव विचारला’ या वाक्यात भाव धाग्याचा की मुलाचा, हे लेखनावरून कधीच ठरणार नाही. ते संदर्भावरूनच ठरेल. नियमाने जो भेद राखला तो दुसऱ्या नियमाने पुसला, ही गोष्ट मुलाला हसताहसता कळते, आणि भाषेतील प्रत्येक संदिग्धता ही लिहिणाऱ्याची चूक नसते हेही त्याबरोबर कळते. तिसरा शब्द उरतो : सारथी या अर्थाचा सूत. तो तत्सम आहे, त्याचा दीर्घ उकार प्रत्ययापूर्वीही टिकतो, म्हणून ‘सूताला’.

गुरुजींना उदाहरण आवडते, तरी ते आपली बाजू सोडत नाहीत. ज्याला तत्सम, उपान्त्य आणि सामान्यरूप ठाऊक आहे त्यालाच या गमतीची खोली कळते, असे ते म्हणतात. ज्याला ठाऊक नाही ते मूल पहिल्या पायरीवर हसून खेळायला निघून जाईल. ताई त्यावर पैठणच्या राजाची कथा पुढे करतात. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त ती येते : प्रतिष्ठान नगरीचा राजा सातवाहन राण्यांबरोबर जलक्रीडा करत असताना एक राणी त्याला संस्कृतात म्हणाली की आता पाण्याने मारू नका. ‘मा’ म्हणजे नको आणि ‘उदकैः’ म्हणजे पाण्याने. दोन्ही जोडले की संधी होऊन ‘मोदकैः’ होते. संधी म्हणजे शेजारी आलेल्या दोन वर्णांचे एकमेकांत मिसळणे. येथे ‘आ’ आणि ‘उ’ मिळून ‘ओ’ झाला. राजाला संधी कळला नाही, त्याने मोदक मागवले आणि राणी हसली. पुढे त्या राजाने व्याकरण शिकायचे ठरवले, तेव्हा त्याच्या गुणाढ्य या मंत्र्याने सहा वर्षे मागितली आणि शर्ववर्मा या दुसऱ्या मंत्र्याने सहा महिन्यांत शिकवीन असे सांगून ते खरे करून दाखवले. कातंत्र नावाचे सुटसुटीत व्याकरण त्यातून आले असे कथा सांगते. “गुरुजी, तो राजाही घरीच शिकला,” ताई म्हणतात, “आणि त्याला शिकायला लावले ते एका विनोदाने. संधीचे सूत्र मुलाला आधी सांगण्यापेक्षा मोदकांची ताटे आधी येऊ द्यावीत.”

गुरुजी ही कथा ताईंपेक्षा जास्त चांगली जाणतात आणि तिचा वगळलेला भाग सांगतात. राणीच्या हसण्यानंतर राजा पाण्यातून निघून गेला, त्याने अन्न टाकले, बोलणे टाकले आणि तो अंथरुणावर पडून राहिला. ज्ञान मिळवीन नाहीतर मरेन, अशा टोकाला तो गेला. दुसरीकडे, सहा महिन्यांत हे होणार नाही अशी पैज लावून हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या. “राजाजवळ मंत्री होते, ताई. आठ वर्षांच्या पोराजवळ कोण असते? आपल्याकडच्या वर्गात शाळेला ‘शाया’ म्हणणाऱ्या मुलावर चाळीस मुले हसत. ते मूल नंतर मराठी शिकले, पण तोंड उघडायचे विसरले. म्हणून वर्गात हसू बंद ठेवले.”

येथे वादाचे स्वरूप बदलते, आणि गुरुजींच्या शिस्तीमागचे खरे कारण दिसते. अहिराणी ही खानदेशातील, मुख्यतः धुळे-नंदुरबार आणि जळगाव-नाशिकच्या काही भागांतील भाषा. तिच्यात ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो, डोळा हा डोया आणि शाळा ही शाया होते. प्रमाण मराठी शिकताना या उच्चारांवर हसू येणे आणि ते अशुद्ध ठरणे, या दोन गोष्टी एकदमच घडत आल्या आहेत. व्याकरणातील विनोदाच्या बाजूने लिहिणाऱ्या कोणालाही गुरुजींच्या या हरकतीला उत्तर द्यावे लागते. ते दिले नाही तर सुताच्या उदाहरणाची हुशारीही काही कामाची नाही. हसू कोणावर आहे हा प्रश्न, हसू आले की नाही याच्या आधीचा आहे.

ताईंचे उत्तर असे की हसू वाक्यावर असावे, बोलणाऱ्यावर नसावे. आणि बोलणाऱ्यावर असलेच तर ते शिकवणाऱ्यावर असावे. याला आधार त्यांना गुरुजीच देतात, आणि तो थेट पतंजलीच्या महाभाष्यातला, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात लिहिलेल्या विवरणातला आहे. एक वैयाकरण रथाच्या चालकाविषयी विचारताना ‘प्रवेता’ असा शब्द वापरतो. सारथी उत्तरात स्वतःला ‘प्राजिता’ म्हणवतो. वैयाकरण म्हणतो हा शब्द अशुद्ध आहे. सारथी म्हणतो की तुम्हाला सूत्र कुठे लागू होते एवढे कळते, लोकांना कोणते रूप मान्य आहे ते कळत नाही. चिडलेला वैयाकरण, हा वाईट सूत आपल्याला छळतो असे म्हणताना सूत या शब्दाची फोड विणणे या अर्थाच्या धातूवरून करतो आणि ‘दुरुत’ असा शब्द बनवतो. त्यावर सारथी शांतपणे सांगतो की सूत हा शब्द विणण्याच्या धातूपासून नाही, प्रेरणा देणे या अर्थाच्या धातूपासून आहे, तेव्हा निंदाच करायची असेल तर ‘दुःसूत’ म्हणावे लागेल. व्याकरणाच्या सर्वांत अधिकारी ग्रंथात शेवटचे हसू शास्त्र्यावर आहे आणि ते हसू सारथ्याच्या व्याकरणज्ञानातून येते, ही गोष्ट लूमवर काम करणाऱ्या माणसाच्या घरात मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

यातून ताई आणि गुरुजी मिळून एक वही तयार करतात. तिच्यात एकाच वस्तूसाठी तीन स्तंभ आहेत. मराठीत माझा, माझी, माझे. अहिराणीत मना, मनी, मनं. गुजरातीत मारो, मारी, मारुं. प्रत्येक ठिकाणी तीन लिंगे आहेत, कारण पुल्लिंग आणि स्त्रीलिंग यांखेरीज नपुंसकलिंगही या तिन्ही भाषांत टिकले आहे. हिंदीत ते नाही, म्हणून ‘मेरा’ आणि ‘मेरी’ एवढेच आहे. घरात या अर्थाने मराठी प्रत्यय ‘त’ आहे, पण अहिराणी ‘घरमा’ म्हणते आणि गुजराती ‘घरमां’. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाने १९०७ च्या खंडात खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, भिल्ली भाषांबरोबर ठेवले, मराठीच्या खंडात ठेवले नाही, त्यामागे अशा साम्यांचा विचार होता. बमरोलीतल्या मुलाला त्या वर्गीकरणाशी कर्तव्य नाही. पण आजीचे ‘घरमा’ हे चुकलेले मराठी नसून स्वतःचा नियम पाळणारे रूप आहे, आणि शेजारच्या गुजराती मित्राच्या बोलण्याशी ते जुळते, एवढे त्या वहीत स्पष्ट दिसते. एका भाषेचा प्रत्यय दुसरीच्या शब्दाला लावून तयार होणाऱ्या वाक्यांवर मुले मोकळेपणाने हसू शकतात, कारण त्या वाक्यांत कोणीही अडाणी ठरत नाही.

विनोद सगळीकडे चालतो असा ताईंचा दावा मात्र टिकत नाही, आणि तो खोडून काढण्याचे काम गुरुजी नेटाने करतात. निर्जीव वस्तूंचे लिंग हे त्यांचे उदाहरण. चहा मराठीत पुल्लिंगी आहे, गुजराती ‘चा’ आणि हिंदी ‘चाय’ स्त्रीलिंगी. पुस्तक मराठीत आणि गुजरातीत नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. ‘चहा आली’ म्हणणाऱ्या मुलाला एकदा हसू येईल, पण कारण विचारल्यावर सांगण्यासारखे काही नाही. येथे नियम नसून रूढी आहे, आणि रूढी ऐकून, वाचून, लिहूनच अंगी मुरते. ताई हे मान्य करतात. जेथे भाषेकडे कारण नाही तेथे विनोदाकडेही शिकवण्यासारखे काही नसते, आणि पाठांतराला तेथे पर्याय नाही.

उलट, एक विनोद पूर्णपणे फसतो आणि तरी उत्तम शिकवतो. हिंदीत स्वल्पविरामाच्या जागेचे महत्त्व सांगण्यासाठी ‘रोको मत जाने दो’ हे वाक्य सर्वत्र वापरले जाते. स्वल्पविराम ‘रोको’नंतर दिला तर अडवा, आणि ‘मत’नंतर दिला तर जाऊ द्या. बमरोलीतल्या मुलांना ते ठाऊक असतेच. ताईंनी ते मराठीत करायला सांगितले आणि मुलांना जमेना. ‘थांबवू नका, जाऊ द्या’ आणि ‘थांबवा, जाऊ देऊ नका’ ही दोन वाक्ये विरामचिन्हे काढली तरी एकमेकांसारखी दिसत नाहीत, कारण मराठीत ‘नका’ ज्या क्रियेचा निषेध करते तिच्या क्रियापदाला ‘ऊ’कारान्त रूप घ्यावे लागते : थांबवू नका, देऊ नका. हिंदीतल्या ‘मत’ला अशी अट नाही, म्हणून तो शब्द दोन्ही बाजूंना लागू शकतो. विनोद मराठीत का मेला याचा शोध घेताना मुलांनी निषेधार्थी रचनेचा नियम स्वतः मांडला. मुळात विरामचिन्हे मराठीत रुळली ती मेजर थॉमस कँडी यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात. आणि ज्या नवसारीला सुरतेहून अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येते तेथे १८८५ मध्ये जन्मलेल्या राम गणेश गडकऱ्यांनी विरामचिन्हे हाच एका कवितेचा विषय केला. ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेख लिहिणाऱ्याने आणि ‘गोविंदाग्रज’ या नावाने कविता लिहिणाऱ्याने व्याकरणाची सामग्री साहित्यासाठी वापरली, हे सुरतेच्या परिसरातील मराठी घरांत सांगितले जायला हवे.

समासाच्या प्रकरणात गुरुजी स्वतःच विनोद पुढे करतात, आणि त्यातून वादाचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा निघतो. समास म्हणजे दोन शब्द एकत्र येऊन झालेला जोडशब्द, आणि त्याची फोड म्हणजे विग्रह. एका प्रसिद्ध सुभाषितात भिकारी राजाला म्हणतो की आपण दोघेही लोकनाथ आहोत. तुम्ही षष्ठी तत्पुरुषाने, आणि हा भिकारी बहुव्रीहीने. लोकांचा नाथ हा तत्पुरुष समास, कारण त्यात दुसरे पद मुख्य असून पहिल्याशी त्याचा विभक्तीचा संबंध आहे. आणि लोक हेच ज्याचे नाथ आहेत असा तो हा बहुव्रीही, कारण त्यात दोन्ही पदांनी तिसऱ्याच कोणाचा तरी निर्देश होतो. आणखी एका सुभाषितात समासांची नावेच गरिबाची कैफियत होतात : घरात नवराबायको दोघे, म्हणून द्वंद्व, दोन गाई, म्हणून द्विगू, खर्चाला काही नाही, म्हणून नेहमीचा अव्ययीभाव, आणि शेवटी मागणे असे की भरपूर व्रीही, म्हणजे तांदूळ, मिळून बहुव्रीही व्हावे.

“ताई,” गुरुजी म्हणतात, “यावर हसण्यासाठी समासांची नावे आधी यायला हवीत. म्हणून ही गंमत पाठाच्या सुरुवातीला ठेवण्याची नाही, शेवटी ठेवण्याची आहे. मूल बरोबर त्या जागी हसले तर त्याला बहुव्रीही समजला.” ताईंना या बोलण्यात आपल्या जुन्या अडचणीचे उत्तर मिळते. अर्ध्या घरशाळेत परीक्षा नसते, आणि आईने घेतलेली परीक्षा मुलाला रुसवते. त्यामुळे नियम खरोखर कळला की नुसता पाठ झाला, हे ओळखायला घरी साधन नसते. पाठ केलेली व्याख्या न कळताही म्हणता येते, पण लोकनाथाच्या विनोदावर न कळता योग्य क्षणी हसता येत नाही, आणि मागून कोणाचे पाहून हसलेले हसू आईला लगेच ओळखता येते. प्रस्तुत लेखाच्या मते विनोदाचे घरच्या व्याकरणातील सर्वांत भक्कम स्थान हेच आहे. सुताच्या उदाहरणाने तो नियमाचे दार उघडतो हे खरे, पण उघडलेल्या दारातून मूल आत गेले की नाही हे सांगण्याचे काम तो अधिक विश्वासाने करतो.

मतभेद तरीही उरतात. चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर मुक्त विद्यालयाच्या दहावीला मराठी घेतलेल्या मुलाला प्रयोग ओळखा, समासाचा विग्रह करा अशा प्रश्नांना सामोरे जावे लागते आणि तेथे हसण्याला गुण नाहीत, म्हणून बाराव्या वर्षापासून व्याख्या लिहून घ्याव्यात असे गुरुजींचे म्हणणे आहे. ताईंना ते वय तेराव्यापर्यंत लांबवायचे आहे. धाकट्या मुलाला तत्सम ही संज्ञा आत्ताच सांगावी की ‘संस्कृतातून आलेला शब्द’ एवढेच म्हणावे, यावरही त्यांचे एकमत झालेले नाही. भावे प्रयोगासाठी ताईंना अजून विनोद सापडलेला नाही. हा प्रयोग म्हणजे क्रियापद कर्त्याचेही ऐकत नाही आणि कर्माचेही ऐकत नाही, नपुंसकलिंगी एकवचनातच राहते अशी रचना. गुरुजींच्या मते तेथे विनोद शोधत बसू नये. मुलांना ‘मांजराने उंदराला पकडले’ हे वाक्य द्यावे आणि क्रियापद हलवून दाखवा असे सांगावे. मुलांनी मांजराची मांजरी केली, मांजरींची टोळी केली, उंदराची उंदरीण केली, उंदरिणींची वरात केली, आणि वहीचे पान भरले तरी शेवटी ‘पकडले’च राहिले.